पोटरीचं माप

आबांच्या पोटरीचं माप मी पहिल्यांदा घेतलं ते आईच्या शिलाईच्या टेपनं. साडेतीस सेंटिमीटर. आबा खाटेच्या कडेला बसलेले, पाय फरशीला टेकलेले. "विजार शिवतीस का काय?" म्हणाले. मी वहीत आकडा लिहिला, शेजारी तारीख घातली. या माणसाने पुण्याच्या मार्केट यार्डात चौतीस वर्षं हमाली केली. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन ते फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. लहानपणी त्या पोटऱ्यांवर बुक्क्या मारून माझेच हात दुखायचे.

आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आखलेली मर्यादा पुरुषांसाठी ३४ सेंटिमीटर आहे, बायकांसाठी ३३. पोटरी त्याहून बारीक भरली तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यायचा. टेप नसेल तर जपानात म्हातारी माणसं एक सोपी युक्ती करतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी घालून बघायचं. कडं बसता बसत नसेल तर उत्तम. आत फट राहिली तर मांस गेलंय.

मी आबांच्या पोटरीला माझ्या बोटांचं कडं घातलं. फट राहिली.

*

आपल्याकडे या अवस्थेला शब्द भरपूर. उतरलाय, रोडावलाय, वाळलाय, सुकलाय, हाडं वर आलीत, गाल बसलेत. आणि एक खंगलाय. मला वाटतं, हा शेवटचा शब्द डॉक्टरांच्या फार जवळचा आहे. वाळलेला माणूस चार दिवस पोटभर जेवला की पुन्हा भरतो. खंगणाऱ्याचं तसं नसतं, त्याला आतून काहीतरी खात असतं.

वैद्यकातही दोन वेगळे शब्द आहेत. सार्कोपेनिया हा शब्द आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास सुचवला, वयाबरोबर येणाऱ्या झिजेसाठी. मूळ ग्रीक अर्थ मांसाची वाण. दुसरा शब्द कॅकेक्सिया, जुना, तोही ग्रीक. अर्थ वाईट अवस्था. २०११ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या पक्की केली. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं, किंवा माणूस आधीच किडकिडीत असताना दोन टक्क्यांहून जास्त घटलं, तर तो कॅकेक्सिया. आणि त्या व्याख्येतच म्हटलंय की नुसत्या जास्तीच्या अन्नाने ही झीज पूर्ण भरून येत नाही.

हे वाक्य आईला कसं सांगायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

*

सुरुवात जळजळीने झाली. पित्त आहे म्हणाले. पाच महिने पित्ताच्या गोळ्या. मग दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी. "पोट लगीच भरतंय," म्हणायचे. आम्ही म्हटलं, वय झालं. दुर्बिणीने तपासणी होईपर्यंत ६८ किलोंचे आबा ५९ किलोंवर आले होते.

पोटाच्या कॅन्सरमध्ये हे नेहमीचं आहे. १९८० मध्ये अमेरिकेत तीन हजारांवर कॅन्सर रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपी सुरू होण्याआधीच कुणाचं किती वजन घटलंय, हे त्यात पाहिलं होतं. जठर आणि स्वादुपिंड या दोन ठिकाणच्या रुग्णांचे हाल सगळ्यांत वाईट. दहांतल्या आठांहून जास्त जणांचं वजन उपचाराआधीच उतरलेलं. म्हणजे आजाराला नाव मिळतं तेव्हा स्नायूंचं बरंचसं काम तमाम झालेलं असतं.

*

सगळ्यात आधी कवळी सैल झाली. हिरड्यांवरून ती सरकायची, चावताना टोचायची, मग आबा ती काढूनच ठेवायचे. कवळी नाही म्हणून भाकरी नाही. भाकरी नाही म्हणून पेज.

*

चरबीचा साठा शरीर चरबी म्हणूनच करतं. साखरेचा थोडा साठा यकृतात असतो. प्रथिनांचं मात्र वेगळं कोठार नाही. जे आहे ते चालत्या-फिरत्या स्नायूंतच. गाठीमुळे अंगात जी दाहाची आग पेटते, तिला सतत प्रथिनं लागतात, आणि ती स्नायू मोडून पुरवली जातात. या कामी लागणाऱ्या एका रेणूला १९८५ च्या सुमारास संशोधकांनी 'कॅकेक्टिन' असंच नाव दिलं होतं. पुढे कळलं की तो आणि टीएनएफ नावाचा रेणू एकच. स्नायूंतलं जे प्रथिन मोडायचं, त्यावर पेशी आधी एक छोटी खूण डकवते आणि मग ते तोडणीला पाठवते. ही खूण कशी लागते, हे उलगडणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आबांना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. वखारीतल्या पोत्यावर खडूची फुली पडली की ते पोतं बाहेर जाणार. त्यांनी विचारलं, "आणि फुली मारतंय कोण?" मी म्हटलं, तुमचंच शरीर, आजाराच्या सांगण्यावरून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी मुकादमच फुटला."

*

केमोथेरपी चार औषधांची, दर पंधरा दिवसांनी एकदा. ऑपरेशनच्या आधी चार वेळा, नंतर चार वेळा. तिसऱ्या खेपेनंतर माठातलं पाणी बोटांना टोचू लागलं. स्टीलचा पेला हातात घेववेना. ऐन थंडीचे दिवस. आईने पेल्याला जुन्या लोकरीच्या टोपीचं कापड शिवलं.

औषधाची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते. साठ किलोंचे दोघे असतील, एकाच्या अंगात स्नायू भरपूर, दुसऱ्याच्या अंगात कमी, तरी मात्रा तीच. ज्याचे स्नायू कमी त्याला त्रास जास्त होतो, हे आता अनेक अभ्यासांत दिसलंय. आणि या चार औषधांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यातही आठच्या आठ खेपा पूर्ण करू शकलेले रुग्ण निम्म्याहून कमी होते. आबांच्या ऑपरेशननंतरच्या चारांपैकी दोनच झाल्या. तिसरीच्या दिवशी ते रिक्षातून उतरू शकले नाहीत.

*

जठर पूर्ण काढलं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. अशी शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली ती कार्ल श्लाटर यांनी, झ्युरिकमध्ये, १८९७ साली. त्याआधी १८८१ मध्ये व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा काही भाग काढून दाखवला होता. शंभर वर्षांहून जुनी ही विद्या. तरी घरी आल्यावर "आता जेवायचं कसं" याचं उत्तर आम्हाला एका छापील पानावर मिळालं, आणि ते पान इंग्रजीत होतं.

थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. जेवताना पाणी नको. गोड एकदम नको, नाहीतर अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर. बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर, कारण ते जीवनसत्त्व शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो आणि जठरच नाही. हे सगळं पाळून तीन महिन्यांत वजन ५१.

*

"भूक लागत न्हाई, नुसती वेळ हुती."

हे त्यांचं वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलंय. भुकेचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं. जठर काढलं की निरोप्याचं घरच गेलं. आबांची भूक हट्टाने गेली नव्हती, मनाने खचल्यामुळेही नाही. ती ऑपरेशनच्या टेबलावरच संपली होती. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर "खावंसं वाटलंच पाहिजे" म्हणून आम्ही त्यांच्यामागे लागलो नसतो.

घ्रेलिनसारखं काम करणारी गोळी जपानमध्ये २०२१ पासून जठर, फुप्फुस, स्वादुपिंड आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधल्या खंगण्यासाठी मंजूर आहे. तिच्याविषयी वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबले. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचण्यांत तिने वजन वाढवलं, अंगातलं मांसही वाढवलं, पण मुठीचा जोर वाढला नाही. मांस आणि ताकद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हमालाला हे सांगावं लागत नाही. टोळीत धिप्पाड असून पोतं न उचलणारे असतात आणि काटकुळे असून दिवसभर वाहणारेही असतात.

*

आजाऱ्याला आपण काय नेतो? साबुदाण्याची खीर, तांदळाची पेज, मोसंबीचा रस, शहाळं. मी एका रविवारी बसून हिशेब केला. आबांना दिवसाला निदान साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं हवीत. युरोपातल्या आहारतज्ज्ञांचं सांगणं आहे की किलोमागे एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. शहाळ्यात नाही, मोसंबीत नाही, पेजेत नावाला. आमच्या घरात प्रेमाने भरलेल्या सहा वाट्यांत मिळून पंधरा ग्रॅमसुद्धा भरत नव्हते.

अंड्यात सहा ग्रॅम असतात, पण आबा माळकरी. तो विषय मी एकदाच काढला. त्यांनी माळेला हात लावला, आणि मी पुन्हा काढला नाही.

मग हुलग्याचं माडगं. जावळीतल्या आमच्या गावात बाळंतिणीला आणि थकलेल्या बैलालाही हुलगा द्यायचे. शेंगदाण्याच्या कुटाची पातळ आमटी. दुधात दुधाचीच पावडर ढवळून. चक्का, थोडं मीठ-जिरं घालून. भाताऐवजी मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, वर तूप. सातव्या दिवशी बेरीज अठ्ठेचाळीस ग्रॅमवर गेली. त्या दिवशी वहीत मी आकड्याभोवती गोल काढला.

*

"आराम करा." भेटायला येणारा प्रत्येक माणूस हेच म्हणायचा. सोसायटीतले, गावाकडचे, फोनवरचे. आयुष्यभर ओझं वाहिलेल्या माणसाला आता तरी झोपू दे, यामागची माया मला कळते. पण २००७ मध्ये अमेरिकेत धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून पाहिलं. दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो मांस गेलं. धडधाकट माणसांचं. दहा दिवसांत.

फिजिओथेरपीच्या ताईने आबांना खुर्चीवर बसवलं, हात छातीशी बांधायला सांगितले आणि पाच वेळा उठून बसायला लावलं. बारा सेकंदांच्या आत झालं तर ठीक. आबांना एकोणीस लागले. घामाघूम झाले. म्हणाले, "उद्या आठरा." ताई म्हणाली, रोज करा आणि मोजा.

मोजण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, त्या-त्या तारखेच्या चौकोनात. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांवर आडवी, वखारीत पोती मोजतात तशी.

*

सीटी स्कॅनच्या चकतीत कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा एक काप असतो. त्या एका कापावरून अख्ख्या अंगातल्या स्नायूंचा अंदाज येतो. संशोधक गेली कित्येक वर्षं हेच करतात. नवी सुई नको, नवा खर्च नको, चित्र आधीच काढलेलं असतं. आबांचे पाच स्कॅन झाले. अहवालांत यकृत आहे, गाठी आहेत, मूत्रपिंडातला एक निरुपद्रवी फुगा आहे, मणक्यांतली झीजसुद्धा आहे. स्नायूंबद्दल पाचांपैकी एकाही अहवालात एकही शब्द नाही. तपासणीच्या खोलीत दर वेळी काट्यावर उभं केलं जायचं. पायांकडे कुणी पाहिलं नाही, मूठ आवळायला कुणी सांगितलं नाही. मला याचा राग आहे, आणि तो गेलेला नाही.

*

जगण्याची प्रत मोजायला युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची तीस प्रश्नांची यादी जगभर वापरतात. १९९३ पासून. जठरासाठी तिला आणखी बावीस प्रश्नांची पुरवणी आहे. मी ती मोठ्या आशेने वाचायला घेतली. पहिले पाच प्रश्न असे: जड पिशवी उचलणं जड जातं का, लांबवर चालणं, घराबाहेर थोडंसं चालणं, दिवसा खाटेवर किंवा खुर्चीत पडून राहावं लागतं का, जेवायला-कपडे घालायला-अंघोळीला-संडासला कुणाची मदत लागते का. वेदना नंतर येतात, मळमळ नंतर, चिंता त्याहून नंतर. सुरुवातीचे पाचही प्रश्न स्नायूंचे आहेत.

आमच्या घरचे प्रश्न त्यात नव्हते म्हणून मी वहीत जोडले. मांडी घालून जेवायला बसता येतं का. बसल्यावर जमिनीला हात न टेकता उठता येतं का. गावच्या संडासात उकिडवं बसून उठता येतं का. एसटीची पहिली पायरी चढता येते का. देवाला खाली वाकून नमस्कार करता येतो का.

आबांनी पाचव्याचं उत्तर दिलं, "वाकता येतं. सरळ व्हता येत न्हाई."

*

दुसरं मत घ्यायला परळला गेलो तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चार दिवस राहिलो. शेजारच्या खाटेवर ऐझॉलहून आलेला तिशीतला मुलगा आणि त्याची आई. मिझोराममध्ये पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे. धुरावलेलं मांस आणि तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी यांच्याकडे बोट दाखवतात. त्याच्या आईला हिंदी येत नव्हतं, माझ्या आईलाही फारसं नाही. दोघी सकाळी एकाच स्टोव्हपाशी आपापल्या माणसासाठी काहीतरी पातळ शिजवत. मिझो बाईने पातेल्यात भात इतका मऊ केला की तो दिसेनासा झाला. माझ्या आईने तिच्या वाटीत एक चमचा तूप घातलं.

*

सव्वा वर्षाने वजन वाढलं. दोन आठवड्यांत तीन किलो. आईने देवापुढे साखर ठेवली. आबांच्या दंडाकडे मी बघितलं, तिथे तर सदऱ्याची बाही लोंबत होती. वाढलेलं सगळं पोटात होतं. पाणी. पायांवरही सूज. आता पोटरीचं मापही खोटं झालं, सुजेने ती ३३ भरली.

वजनकाट्याचं हे मी कधी विसरणार नाही. पोटाच्या कॅन्सरमध्ये आजार परतताना तो चांगली बातमी देऊ शकतो.

*

याच सुमारास डॉक्टरांनी रात्रीची एक छोटी गोळी सुरू केली. ओलान्झापिन, मनाच्या आजारांवरचं जुनं औषध, पण मात्रा अगदी कमी, अडीच मिलिग्रॅम. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये १२४ रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. त्यात जठराच्या कॅन्सरचेही रुग्ण होते. बारा आठवड्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले गोळीच्या गटात साठ टक्के, नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात नऊ. औषध स्वस्त, अभ्यास आपल्या देशातला, आपल्यासारख्यांवरचा. मला ते वाचून अभिमान वाटला आणि उशीर झाल्याचं दुःखही. आबांना गुंगी यायची. पण चौथ्या दिवशी त्यांनी ठेचा मागितला. आईने मिरची भाजून, दाणे जास्त घालून केला. त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं होतं.

चीनमधला एक अभ्यास २०२१ चा, पसरलेल्या जठर-अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ३२८ रुग्ण. त्यांतल्या दोन तृतीयांश जणांना केमोबरोबर पहिल्यापासून आहारतज्ज्ञ आणि मनाचे डॉक्टर दिले. नुसत्या केमोत मध्यम आयुष्य ११.९ महिने, आधार मिळालेल्यांचं १४.८. तीन महिने, खाण्याकडे आणि मनाकडे बघितल्याचे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी हे व्हायला हवं, आणि पहिल्या दिवसापासून.

*

आईचा चमचा आणि आबांचे मिटलेले ओठ. दिवसातून सहा वेळा. "एक घास. माझ्यासाठी." ते तिच्यासाठी घ्यायचे आणि दहा मिनिटांनी ओकायचे. मग दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत.

घरी येणाऱ्या वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरबाईंनी आईला बाजूला घेतलं. त्यांनी समजावलं ते असं: या टप्प्यावर घातलेल्या अन्नाचं मांस होत नाही, शरीराला ते वापरताच येत नाही. आता पोटाला विचारून द्या, घड्याळाला विचारून नको. त्यांनी नाही म्हटलं तर तो तुमच्या हातच्या चवीचा दोष नाही. आई हुंदका देऊन रडली. मला वाटतं, दीड वर्षं ती स्वतःला अपराधी समजत होती, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर चमचा मागे राहिला. आई त्यांच्या पोटऱ्यांना कोमट तेल चोळू लागली.

*

कालनिर्णयचं शेवटचं पान माझ्यापाशी आहे. महिन्याच्या सुरुवातीला पाच-पाच रेघांचे दोन गठ्ठे. मग एकच. मग तीन रेघा, दोन. बरेच चौकोन रिकामे. एकवीस तारखेच्या चौकोनात एकच रेघ, वाकडी, खाली ओघळलेली. त्या दिवशी टोळीतले ऐंशीचे मुकादम काठी टेकत जिना चढून आले होते. आबांनी आधी मला हात करून थांबवलं, मग खाटेच्या कठड्याला धरून उभे राहिले. मुकादम म्हणाले, "बस की रं." आबा ते बसेपर्यंत बसले नाहीत. ते गेल्यावर पेन्सिल मागितली.